मुलगा फ्रॅटमध्ये चाललाय आणि काहीच सांगत नाहीये

पत्र:

ताई, आम्ही बावीस वर्षं न्यू जर्सीत आहोत. मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत आहे, फर्स्ट इयर, दुसरं सेमिस्टर. पहिल्या सेमिस्टरला फार एकटा पडला होता, दर शुक्रवारी रात्री मला फोन करायचा, थँक्सगिव्हिंगला आला तेव्हा परत जायचं नाही म्हणत होता. जानेवारीत एका देसी फ्रॅटर्निटीकडून (कॉलेजातल्या मुलांची संघटना, फ्रॅट म्हणतात तिला) बिड, म्हणजे सामील व्हायचं बोलावणं आलं, आता प्लेजिंग, म्हणजे पक्का मेंबर होण्याआधीची उमेदवारी चालू आहे. आधी इतका खूश होता की मलाही बरं वाटलं. पण गेले तीन आठवडे फोन उचलत नाही, उचलला तर आवाज बसलेला, झोप नाही, काही विचारलं तर "आई ते सांगता येत नाही" एवढंच. ड्यूजचे, म्हणजे वर्गणीचे सहाशे डॉलर मागितले ते आम्ही दिले. मिस्टर म्हणतात आमच्या हॉस्टेललाही रॅगिंग व्हायचं, त्यातूनच जन्माचे मित्र मिळाले, तू उगाच घाबरतेस. मी त्याला बाहेर काढू का? युनिव्हर्सिटीला फोन करू का? केला तर तो परत माझ्याशी बोलेल का?

उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचल्यावर माझ्या डोक्यात राहिला तो शुक्रवारचा फोन. एकोणीस वर्षांचा मुलगा, चाळीस हजारांच्या कँपसवर, शुक्रवारी रात्री सगळा डॉर्म बाहेर गेलेला आणि हा खोलीत बसून आईला फोन करतोय. मग जानेवारीत कुणीतरी दार वाजवून म्हणतं, चल, तू आमच्यातला. कोण नाही म्हणेल हो? त्यामुळे आधी एक गोष्ट, त्याला "तुला काय गरज होती त्या फ्रॅटची" असं चुकूनही म्हणू नका. गरज होती, आणि ती गरज तुम्ही स्वतः त्या फोनवर ऐकलीये.

तुमच्या मिस्टरांसाठी आणि भारतात बसून हे वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना फ्रॅट म्हणजे पार्ट्या एवढंच माहीत असतं. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजमध्ये १७७६ साली काही विद्यार्थ्यांनी फाय बीटा कप्पा नावाची गुप्त मंडळी काढली, एका ग्रीक बोधवाक्याची ही आद्याक्षरं, तिथूनच ही ग्रीक अक्षरांची पद्धत पडली. काम काय, तर प्रोफेसरांच्या नजरेआड मोकळेपणाने वादविवाद करणं. आज आपण जिला फ्रॅट म्हणतो तो प्रकार १८२५ पासून न्यूयॉर्कमधल्या युनियन कॉलेजात सुरू झाला. मुलींना त्यात जागा नव्हती म्हणून त्यांनी आपापल्या संस्था काढल्या, सोरोरिटी हा शब्द तर १८७४ ला सिराक्यूजमध्ये एका लॅटिनच्या प्राध्यापकाने सुचवलेला. ज्यू मुलांना घेत नव्हते म्हणून त्यांची वेगळी फ्रॅट, काळ्या मुलांची कॉर्नेलला १९०६ साली अल्फा फाय अल्फा, काळ्या मुलींची १९०८ ला हॉवर्डमध्ये अल्फा कप्पा अल्फा (कमला हॅरिस तिथल्याच). म्हणजे दीडदोनशे वर्षं हेच चाललंय, ज्याला आत घेतलं नाही त्याने स्वतःचं घर बांधलं.

आपली मुलं त्या रांगेत १९९० नंतर आली. बिंगहॅम्टनला १९९४ साली आयोटा नू डेल्टा, यूपेनला १९९६ ला सिग्मा बीटा रो, ऑस्टिनला १९९८ मध्ये मुलांची डेल्टा एप्सिलॉन साय आणि मुलींची कप्पा फाय गॅमा. सिक्स्टी फाइव्हच्या इमिग्रेशन कायद्यानंतर जे इंजिनिअर आणि डॉक्टर इथे आले त्यांची मुलं तोवर कॉलेजात पोचली होती. घरी मराठी-गुजराती-तेलुगू, बाहेर इंग्लिश, आणि मोठ्या जुन्या फ्रॅट हाउसमध्ये गेलं की कुणी नाव नीट उच्चारत नाही. आपण नाही का इथे आल्यावर मंडळ शोधलं, गणपतीला हॉल भाड्याने घेऊन शंभर माणसांचा स्वयंपाक केला, कशासाठी? त्याच कारणासाठी. म्हणून मी या संस्थांना वाईट म्हणणार नाही, आणि हे मी लांबून बोलत नाहीये.

माझी मुलगी टेक्सासमधल्या एका कॉलेजात असताना देसी सोरोरिटीत होती. तुम्ही जे लिहिलंय ना, आवाज बसलेला, "सांगता येत नाही", तेच सहा आठवडे माझ्याकडेही झालं आणि मी जे केलं ते तुम्ही करू नये म्हणून हे लिहितेय. मी चिडले. फोनवर ओरडले की तुला शिकायला पाठवलंय, हे असले धंदे करायला नाही, आणि पैसे बंद करेन म्हणाले. ती गप्प झाली. प्लेजिंग संपल्यावरसुद्धा गप्पच. ग्रॅज्युएशन होऊन दोन वर्षं झाल्यावर एकदा चहा पिताना तिने सांगितलं की त्या सहा आठवड्यांत एकदा सलग दोन रात्री त्यांना झोपू दिलं नव्हतं, पहाटे चार वाजता ती स्वतः गाडी चालवत परत निघाली आणि हायवेवर तिचा डोळा लागला, रस्त्याच्या कडेच्या रम्बल स्ट्रिपच्या खडखडाटाने जाग आली म्हणून वाचली. मी विचारलं मला फोन का नाही केलास ग, तर म्हणाली, "तू ओरडली असतीस." एवढं सोपं उत्तर. मला आजही रात्री आठवतं ते.

आणि त्याच मुली, हेही सांगायला हवं, माझ्या नवऱ्याचं बायपास झालं तेव्हा तीन आठवडे आळीपाळीने डबा घेऊन आल्या, एक तर ह्यूस्टनहून गाडी चालवत यायची. तेव्हा त्यातली माया खोटी नव्हती आणि ती रात्रही खोटी नव्हती. दोन्ही एकाच घरात होतं.

आता तुमच्या मुलाचं. पैसे, पार्ट्या, अभ्यास हे सगळं नंतर बघता येईल. सहाशे डॉलरचं म्हणाल तर ड्यूज असतातच, दर सेमिस्टरला काही शे डॉलर, मोठ्या हाउसवाल्या फ्रॅटना त्याहून बरेच जास्त, त्यामुळे त्यात संशय घेण्यासारखं काही नाही, फक्त कशाचे किती याचा हिशोब लेखी माग म्हणावं, कुठलाही नीट चालणारा चॅप्टर (फ्रॅटची त्या कॉलेजातली शाखा) तो देतो. मला खुपतंय ते "सांगता येत नाही". हँडशेक गुप्त असू दे, शपथेचे शब्द असू देत, बिग ब्रदर, म्हणजे नव्या मुलाला सांभाळणारा सीनियर, कोण हे रिव्हीलच्या दिवसापर्यंत लपवतात तेही असू दे, त्यात मुलांना गंमत वाटते आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण मी रात्री कुठे असतो, किती वाजता झोपतो, मला काय करायला लावतात हे जर आईबापांना सांगायचं नाही असं त्याला बजावलं असेल, तर ती गुप्तता त्याच्या भल्यासाठी नाहीये, ती बजावणाऱ्यांच्या बचावासाठी आहे. आणि गुप्तता हीच परंपरा असं कुणी त्याला सांगत असेल तर ही सगळ्यात जुनी फाय बीटा कप्पाच बघा की, तिने १८३१ च्या सुमाराला गुप्तता सोडून दिली, तरी ती बुडाली नाही, आज हुशार विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेतला तो सगळ्यात मोठा मान समजतात.

देसी फ्रॅट आहे, आपलीच मुलं आहेत, दारूचा तेवढा धिंगाणा नसेल, असं मनात येत असेल तर ते मनातून काढा. २०१३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा एक फर्स्ट इयरचा मुलगा, चिनी आईबापांचा एकुलता एक, आशियाई मुलांच्याच एका फ्रॅटबरोबर तुमच्या पेनसिल्व्हेनियात पोकोनोजला भाड्याच्या घरी गेला. रात्री थंडीत डोळे बांधून, पाठीला वाळूची जड बॅग लावून अंगणातून चालायचं आणि बाकीच्यांनी येऊन पाडायचं असा तो विधी होता, आशियाई माणसाला या देशात कसं अडवलं जातं त्याचं म्हणे ते प्रतीक. तो पडला तो उठलाच नाही. बाकीची मुलं ॲम्ब्युलन्स न बोलावता त्याची लक्षणं नेटवर शोधत बसली, तासाभराहून जास्त वेळ गेला. दारूचा त्यात काही संबंध नव्हता. वाईट मुलं होती असंही नाही, चांगल्या घरातली, शिकणारी, तुमच्या-माझ्या मुलांसारखी. घाबरली, आणि गुप्त ठेवायची सवय लागलेली, म्हणून फोन केला नाही. नंतर कोर्टाने त्या फ्रॅटला पेनसिल्व्हेनियात दहा वर्षं बंदी घातली, पण त्या आईला त्याचं काय.

२०१७ च्या फेब्रुवारीत पेन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या टिमोथी पियाझा या मुलाचंही तसंच. ८२ मिनिटांत अठरा ड्रिंक पाजले, तळघराच्या जिन्यावरून पडला, आणि ९११ ला फोन करायला जवळपास बारा तास लागले. घरभर कॅमेरे होते म्हणून हे सगळं मिनिटामिनिटाचं कळलं. या प्रकरणांमध्ये पडणं, पिणं हे तर आहेच, पण जीव गेला तो मधल्या तासांमध्ये, जेव्हा खोलीत दहाबारा मुलं होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की फोन केला तर चॅप्टर बंद पडेल. तुमच्या मुलाला मी एकच गोष्ट सांगायला सांगेन ती यावरून, पुढे लिहिते.

आधी तुमच्या मिस्टरांशी बोलते. दादा, तुमचे हॉस्टेलचे मित्र खरे आहेत, मला त्यात शंका नाही, तुमच्या मुलाबाळांच्या लग्नात तेच पुढे उभे राहतील. पण ते मित्र रॅगिंगने मिळाले का हे एकदा शांतपणे आठवून बघा. मेसचं वाईट जेवण एकत्र जेवलात, सबमिशनच्या रात्री जागलात, कुणाचे वडील गेल्याचं कळलं तेव्हा एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेलात, मित्र त्यातून झाले. आणि एक विचारू का, तुमच्या बॅचचा तो मुलगा आठवतो का जो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाड-बिस्तरा गुंडाळून गावी गेला आणि परत आलाच नाही? जवळपास प्रत्येक हॉस्टेलच्या गोष्टीत तो असतो, फक्त गोष्ट सांगताना त्याला वगळतात. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला तो अशाच मुलांसाठी, २००९ ला यूजीसीने देशभर नियम कडक केले तेही एका मेडिकलच्या पोराचा जीव गेल्यावर. तुमचा मुलगा तुम्हालाच बघून शिकलाय की पुरुषाने हे सोसायचं असतं. तेव्हा त्याला ती गोष्ट पूर्ण सांगा, त्या गेलेल्या मुलासकट, आणि तुम्हाला तेव्हा रात्री भीती वाटली होती का तेही सांगा. आईने सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा बापाने कबूल केलेली ही एक त्याच्या आत जाईल.

ताई, बाहेर काढू का म्हणता, तर आजच्या आज नका काढू. काढलंत तर तो परत शुक्रवारच्या त्या खोलीत जाईल आणि शिवाय तुमच्यावर रागावलेला असेल, किंवा निघाल्यासारखं दाखवून आत राहील, जे सगळ्यात वाईट. पण नुसतं फोनची वाट बघतही बसू नका. या शनिवारी उठून जा त्याच्याकडे, न सांगता नाही, सांगून. "शनिवारी दुपारी येतोय, जेवायला बाहेर जाऊ, दोन तास दे." दोन तास मिळत नाहीत असं उत्तर आलं तर ते उत्तरच तुम्हाला खूप काही सांगून जाईल. जाताना डबा न्या, त्याला समोर बसून खाताना बघा. वजन, डोळे, हातावर-पाठीवर काही खुणा, चालताना लंगडतोय का, हे आईला विचारावं लागत नाही, दिसतं. चौकशी पोलिसासारखी करू नका, मुलं गाडीत शेजारी बसून बोलतात, समोरासमोर टेबलावर बोलत नाहीत, म्हणून जेवण झाल्यावर उगाच एक चक्कर मारा.

आणि तेव्हा त्याला हे सांगा, तुमच्या शब्दांत: तुला तिथे मित्र मिळाले याचा मला आनंद आहे. तू राहायचं की नाही ते तू ठरव. पण तू कुठल्याही दिवशी, अगदी क्रॉस व्हायच्या, म्हणजे पक्का मेंबर व्हायच्या आदल्या रात्रीसुद्धा, उठून निघू शकतोस, पैसे बुडाले तर बुडू देत, आम्ही एक शब्द बोलणार नाही. आणि तुझ्यासमोर कुणी पडला, बेशुद्ध झाला, तर तू कुणालाही न विचारता ९११ लावायचास. पेनसिल्व्हेनियात टिमोथीच्या नावाने २०१८ ला जो कायदा झाला त्यात जो पहिला मदत बोलावतो आणि त्या मुलाजवळ थांबतो त्याला संरक्षण आहे, हे त्याला माहीत असलं पाहिजे, कारण आतली मुलं त्याला उलटंच सांगतील की फोन करणारा अडकतो. त्याच कायद्यात हेही आहे की प्लेज (नवा उमेदवार) स्वतःच्या मर्जीने आला होता हा बचाव चालत नाही. "मीच तर हो म्हणालो" असं मुलांना फार वाटतं, तुमच्या मुलालाही वाटत असेल, त्याचा तो अपराधीपणा काढून टाका.

युनिव्हर्सिटीच्या फोनचं. फोन करायच्या आधी एक काम घरबसल्या होतं. पेनसिल्व्हेनियातल्या कॉलेजांना हेझिंगच्या, म्हणजे इथल्या रॅगिंगच्या सिद्ध झालेल्या तक्रारींचा रिपोर्ट वेबसाइटवर लावावाच लागतो, संघटनेच्या नावानिशी, आणि २०२४ च्या डिसेंबरात स्टॉप कँपस हेझिंग ॲक्ट झाल्यापासून तसा रिपोर्ट देशभरातल्या कॉलेजांना बंधनकारक झालाय. त्याच्या फ्रॅटचं नाव तिथे शोधा. नाव सापडलं, काय केलं होतं तेही सापडलं, तर तो कागद प्रिंट काढून शनिवारी बरोबर न्या आणि त्याच्यापुढे ठेवा, मुलाला आईची भीती खोटी वाटते पण युनिव्हर्सिटीचा कागद खोटा वाटत नाही. नाव नाही सापडलं म्हणून निर्धास्त होऊ नका, तक्रारच न झालेलीही असते. शिवाय तो चॅप्टर युनिव्हर्सिटीकडे रजिस्टर आहे का बघा. बंदी आलेले काही चॅप्टर बाहेर भाड्याच्या घरात तसेच चालू राहतात आणि त्यांच्यावर मग कुणाचीच नजर नसते. असं काही निघालं तर मात्र मी "तू ठरव" म्हणणार नाही, सरळ निघ म्हणा.

ग्रीक लाइफ ऑफिसला (युनिव्हर्सिटीत फ्रॅट-सोरोरिटींचं काम बघणारं ऑफिस) किंवा डीनच्या ऑफिसला तुम्ही नाव न सांगताही तक्रार करू शकता, आणि १-८८८-६६८-४२९३ ही हेझिंगविरोधी हॉटलाइन आहे, तिथेही नाव द्यावं लागत नाही. एक लक्षात घ्या, मुलगा अठराच्या वर आहे त्यामुळे विद्यार्थ्यांची माहिती गुप्त ठेवणाऱ्या फर्पा कायद्यामुळे कॉलेज तुम्हाला त्याचे मार्क, हजेरी बहुधा काही सांगणार नाही, "आम्ही बोलू शकत नाही" असं उत्तर मिळेल आणि तुम्हाला वाटेल दार लावून घेतलं. पण तुमचं ऐकून घ्यायला त्यांना कुठलाच कायदा आडवा येत नाही. तारखा, वेळा, तो काय बोलला ते लिहून ठेवा आणि ते सांगा.

फोन कधी करायचा म्हणाल तर माझ्या मनात याला वेळ लागत नाही. मार, भाजल्याच्या खुणा, जबरदस्तीने पाजणं, दिवसेंदिवस झोपू न देणं, उपाशी ठेवणं, डोळे बांधून कुठेतरी नेणं, कॉलेजबाहेर "रिट्रीट" म्हणून भाड्याच्या घरात रात्रभर नेणार असल्याचं कळणं, फोन काढून घेणं, यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी. त्याची परवानगी न घेता. सध्या झोप नाही हे तर तुम्हाला दिसतंच आहे, म्हणून शनिवार पुढे ढकलू नका म्हणतेय.

तो परत बोलेल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. कदाचित महिनाभर नाही बोलणार. मी हे गोड करून सांगणार नाही, त्याला वाटेल तुम्ही त्याचं मिळालेलं एकमेव घर मोडलंत. पण माझी मुलगी माझ्याशी दोन वर्षं नीट बोलली नाही आणि तेव्हा तर मी काहीच केलं नव्हतं, नुसती ओरडले होते. अबोला परवडतो हो ताई.

आणि परतायच्या आधी त्याच्याशी एक शब्द ठरवून या. आमच्या धाकट्याशी आम्ही "पोहे" ठरवला होता. मेसेजमध्ये पोहे आलं की मी पाच मिनिटांत फोन करायचा, स्पीकरवर मोठ्याने म्हणायचं की घरी अर्जंट काम निघालंय, आत्ताच्या आत्ता ये, म्हणजे त्याला तिथल्यांसमोर कमीपणा न येता निघता यायचं. का, कुणी, कशासाठी, हे त्या रात्री विचारायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही, त्याने स्वतः काढलं तरच. चार वर्षांत तो मेसेज एकदाच आला, रात्री पावणेदोनला. तुमच्याकडून त्याचं कॉलेज तीन-चार तासांवर असेल, तेव्हा जवळपास राहणारं एखादं मराठी कुटुंब मंडळाच्या ग्रुपवर विचारून शोधून ठेवा, जे वीस मिनिटांत पोचेल, आणि प्लेजिंग संपेपर्यंत गाडीत गॅस भरलेला ठेवा.